मंडळीची सुरुवात नेमकी कधी झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंटेकॉस्टचा रविवार (येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, त्याची आठवण) जवळ आला की बायबल अभ्यासात हा विषय हमखास निघतो, आणि एकदा निघाला की लवकर मिटत नाही. खाली ‘मंडळी’ हा शब्द ख्रिस्ती लोकांच्या समुदायासाठी वापरला आहे. वसईकडचे कॅथलिक त्यालाच ख्रिस्तसभा म्हणतात. इमारतीचा इथे संबंध नाही.

पेंटेकॉस्ट हा चर्चचा वाढदिवस, असंच लहानपणापासून ऐकलंय. मग वाद कसला?

ते मत सर्वांत प्रचलित आहे, पण एकटं नाही. आरंभाची खूण कोणी आदामाच्या मुलापाशी, हाबेलापाशी केली, कोणी अब्राहामापाशी, कोणी सिनाय डोंगरापाशी. कोणी यार्देनकाठच्या पहिल्या शिष्यांपाशी, कोणी बारा प्रेषितांच्या निवडीपाशी, कोणी वधस्तंभापाशी. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशूने शिष्यांवर फुंकर घालून ‘पवित्र आत्मा घ्या’ म्हटलं (योहान २०:२२), तीच सुरुवात असं मानणारेही आहेत. शिवाय पौलाच्या परिवर्तनाआधी मंडळी नव्हतीच म्हणणारे आहेत, आणि त्याही पुढे जाऊन पौल रोममध्ये कैदेत पडेपर्यंत नव्हती म्हणणारेही.

ही सगळी माणसं एकच बायबल उघडतात, आणि बरीचशी वचनंही तीच काढतात. कारण भांडण वरवर तारखेचं दिसलं तरी आतून व्याख्येचं आहे. देवाने निवडलेले सर्व काळचे लोक म्हणजे मंडळी, असं धरलं की आरंभ थेट उत्पत्तीच्या पुस्तकात जातो. पवित्र आत्म्याने ख्रिस्ताला जोडलेलं शरीर म्हणजे मंडळी, असं धरलं की पेंटेकॉस्ट. बाप्तिस्मा घेतलेल्या शिष्यांची सभा धरली की गालील. म्हणून कोणी ठासून तारीख सांगितली की आधी त्याला विचारावं, ‘मंडळी म्हणजे काय धरून चाललात?’ निम्मा वाद तिथेच उलगडतो.

पेंटेकॉस्टच्या बाजूचा पुरावा कितपत भक्कम आहे?

चांगलाच. मत्तय १६:१८ मध्ये येशू ‘या खडकावर मी माझी मंडळी रचीन’ म्हणतो. क्रियापद भविष्यकाळी आहे. लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१:५) तो शिष्यांना सांगतो की थोड्याच दिवसांत तुमचा पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा होईल. पौल १ करिंथ १२:१३ मध्ये लिहितो की त्या एका आत्म्यातच आपला सर्वांचा एक शरीर होण्यासाठी बाप्तिस्मा झाला. तिन्ही जोडा: शरीर त्या बाप्तिस्म्याने बनतं, तो बाप्तिस्मा पेंटेकॉस्टला झाला, म्हणजे शरीर तेव्हा सुरू झालं.

माझ्या मते यापेक्षाही जोरदार वचन प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि उपदेशांत ते क्वचितच ऐकू येतं. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जे घडलं त्याचा जाब पेत्राला यरुशलेममध्ये द्यावा लागतो. तेव्हा तो म्हणतो की आत्मा त्यांच्यावर उतरला, ‘जसा आरंभी आपल्यावर उतरला तसाच’ (११:१५). पेत्राच्या स्वतःच्या तोंडी पेंटेकॉस्ट म्हणजे ‘आरंभ’.

कच्चा दुवाही आहे. पेंटेकॉस्टच्या आधीच सुमारे १२० जण एकत्र होते (१:१५). ते एकचित्ताने प्रार्थना करत होते, आणि यहूदाच्या जागी मत्थियाची निवडही त्यांनी उरकली होती. नेमणुका करणाऱ्या, नियमित जमणाऱ्या या लोकांना मंडळी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि त्या दिवशी सुमारे तीन हजारांची ‘भर पडली’ (२:४१), ती आधी काहीच नव्हतं त्यात कशी पडेल?

पेंटेकॉस्टची हकिकत सांगणाऱ्या त्या दुसऱ्या अध्यायात ‘मंडळी’ हा शब्द तरी येतो का?

कोणतं भाषांतर हातात आहे त्यावर. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये अध्यायाच्या अगदी शेवटच्या वचनात येतो. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो शब्द तिथे नाही. पुढच्या काळातल्या प्रतींत आला आहे. तो वगळला तर प्रेषितांच्या कृत्यांत ‘मंडळी’ पहिल्यांदा भेटते ती ५:११ मध्ये, हनन्या आणि सप्पीरा मरून पडल्यावर, जेव्हा सगळ्या मंडळीला भीतीने ग्रासलं. चारही शुभवर्तमानांत हा शब्द फक्त मत्तयात आहे, सोळाव्या आणि अठराव्या अध्यायांत. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण उद्घाटन म्हणतो, तिथे लूकने उद्घाटनाचा फलक लावलेलाच नाही. यावरून पेंटेकॉस्टचं मत खोटं ठरत नाही, पण ‘स्पष्ट लिहिलंय’ असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

काही बाप्टिस्ट म्हणतात की येशू हयात असतानाच मंडळी सुरू झाली. कशावरून?

हे मत जोमाने मांडलं ते अमेरिकेतल्या लँडमार्क बाप्टिस्टांनी. टेनेसीतले जेम्स रॉबिन्सन ग्रेव्हज हे त्यांचे पुढारी, आणि १८५१ सालचे कॉटन ग्रोव्हचे ठराव ही त्या चळवळीची सुरुवात मानली जाते. त्यांचा युक्तिवाद असा: मत्तय १८:१७ मध्ये भावाभावांत तंटा झाल्यास ‘मंडळीला सांग’ असं येशू शिष्यांना बजावतो. अस्तित्वातच नसलेल्या मंडळीला सांगायचं कसं? पौल म्हणतो की देवाने मंडळीत ‘प्रथम प्रेषित’ नेमले (१ करिंथ १२:२८), आणि प्रेषितांची निवड तर गालीलातल्या डोंगरावर झाली. शिवाय त्या मंडळीत बाप्तिस्मा होता, प्रभुभोजन होतं, खजिनदारही होता (तो पुढे यहूदा निघाला, ही गोष्ट वेगळी).

इथपर्यंत ऐकण्यासारखं आहे. पुढचं अवघड आहे. ग्रेव्हज आणि त्यांच्या अनुयायांनी त्या पहिल्या मंडळीपासून आजच्या बाप्टिस्टांपर्यंत अखंड साखळी दाखवायला घेतली आणि नोव्हेशियन, डोनेटिस्ट, वॉल्डेन्सियन अशा रोमशी फटकून असलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाला बाप्टिस्टांचे पूर्वज ठरवलं. डोनेटिस्टांचंच घ्या. त्यांच्यात बिशप होते, आणि त्यांचा तंटा छळाच्या काळात धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंवरून होता. बाळांचा नको, विश्वास ठेवणाऱ्यांचाच बाप्तिस्मा, हा बाप्टिस्टांचा मुद्दा तिथे नव्हताच. इंग्रज बाप्टिस्टांनी बुडवून बाप्तिस्मा देणं १६४१ च्या सुमारास सुरू केलं, असं लुइव्हिलच्या बाप्टिस्ट सेमिनरीचे अध्यक्ष विल्यम व्हिट्सिट यांनी कागदपत्रांवरून मांडलं. त्यावरून इतकं रान उठलं की १८९९ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. आज त्या संप्रदायातले बहुतेक इतिहासकार व्हिट्सिट यांच्याच बाजूचे आहेत.

मंडळी अब्राहामापासून, किंवा हाबेलापासून, असं म्हणणारे कोण?

जुनी आणि भारदस्त मंडळी! चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याने नीतिमान हाबेलापासून मंडळी मोजली. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. हर्मासला दृष्टान्तात एक म्हातारी दिसते. एक देखणा तरुण त्याला विचारतो, ही कोण वाटते? हर्मास म्हणतो, सिबिल असावी, म्हणजे भविष्य सांगणारी जोगीण. तरुण म्हणतो, चुकलास, ही मंडळी आहे. मग एवढी म्हातारी का? कारण सगळ्यांच्या आधी ती निर्माण झाली आणि तिच्यासाठीच जग घडवलं गेलं. पुढच्या दृष्टान्तांत ती हळूहळू तरुण होत जाते.

सोळाव्या शतकातल्या रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंग्ली-कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट लोकांनी हा धागा करारांच्या शिकवणीत बांधला. १५६१ च्या बेल्जिक विश्वासपत्राचं सत्ताविसावं कलम सांगतं की मंडळी जगाच्या आरंभापासून आहे आणि अंतापर्यंत राहील. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही चोपन्नाव्या प्रश्नात तेच. देवाचा कृपेचा करार एक, म्हणून लोकही एक. इस्राएल म्हणजे तीच मंडळी, लहान वयातली.

त्यांचा शास्त्राधार हलका नाही. स्तेफन आपल्या शेवटच्या भाषणात मोशेबरोबर रानात असलेल्या इस्राएलाला जो ग्रीक शब्द लावतो (प्रे. कृ. ७:३८), तोच नव्या करारात मंडळीसाठी वापरला आहे. त्याहून वजनदार म्हणजे रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय: जैतुनाचं झाड एकच, त्याच्या काही फांद्या तोडल्या आणि रानटी जैतुनाची कलमं त्याच झाडाला बांधली. दुसरं झाड लावल्याचा उल्लेख नाही. मग ‘रचीन’ या भविष्यकाळाचं काय? ते आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. दाविदाचा पडलेला मंडप मी पुन्हा उभारीन, असं देव तिथे म्हणतो, आणि यरुशलेमच्या सभेत याकोब नेमकं तेच वचन काढतो (प्रे. कृ. १५:१६). रचणं म्हणजे पडलेलं पुन्हा उभं करणं, असा त्यांचा अर्थ.

अडचण होते ती इफिस २:१५ ची. तिथे पौल यहुदी आणि परराष्ट्रीय यांतून ‘एक नवा मनुष्य’ निर्माण झाल्याचं सांगतो. ‘नवा’ या शब्दाला वळसा घालणं सोपं नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभेचं अधिकृत उत्तर काय?

एकाच दिवसावर बोट ठेवायचं नाही, टप्पे सांगायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात ते क्रमाने येतात: जगाच्या आरंभापासून पूर्वछाया, इस्राएलाच्या इतिहासात तयारी, अखेरच्या काळात स्थापना, आत्म्याच्या वर्षावाने प्रकटीकरण आणि काळाच्या शेवटी पूर्णता. जन्म म्हणायचाच तर तो वधस्तंभावर. झोपलेल्या आदामाच्या कुशीतून हव्वा निघाली, तशी मरण पावलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून, रक्त आणि पाण्यातून, ख्रिस्तसभा निघाली, हे चौथ्या शतकातला अंत्युखियाचा उपदेशक ख्रिसोस्टोम आणि ऑगस्टीन या दोघांचंही आवडतं चित्र. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या परिपत्रकात जन्म वधस्तंभावर आणि प्रकटीकरण पेंटेकॉस्टला, अशी मांडणी केली.

हे उत्तर सगळ्यांना थोडंथोडं देऊन मोकळं होतं, असं प्रोटेस्टंट मित्र चिडवतात. मला ते तितकं सोयीस्कर वाटत नाही. बायबलमध्येच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आरंभ सुचवलेले असतील तर टप्पे मानण्यात प्रामाणिकपणा आहे.

डिस्पेन्सेशनल मत (देव वेगवेगळ्या युगांत वेगवेगळ्या रीतीने कारभार करतो, असं मानणारं) आणि साधं पेंटेकॉस्टचं मत यांत फरक काय?

तारीख एकच, कारण वेगळं. आयर्लंडमधला अँग्लिकन पाळक जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) पुढे प्लिमथ ब्रदरेन चळवळीचा प्रमुख झाला. इस्राएल आणि मंडळी या देवाच्या दोन निरनिराळ्या योजना आहेत, असं त्याने मांडलं. इस्राएलाला दिलेली वचनं पृथ्वीवरची, मंडळीची आशा स्वर्गातली. दानीएलाच्या भविष्यवाणीतल्या सत्तर सप्तकांतली (सात-सात वर्षांच्या काळांतली) एकोणसत्तर झाली, मग घड्याळ थांबलं. पेंटेकॉस्टपासूनचा हा सगळा काळ म्हणजे मध्येच उघडलेला कंस. मंडळी स्वर्गात उचलली गेली की कंस मिटेल आणि शेवटचं सप्तक सुरू होईल. हे विचार घरोघरी पोचवले ते १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलने, कारण टिपा त्याच पानावर, वचनांच्या खालीच होत्या. वाचणाऱ्याला वचन कुठे संपलं आणि स्कोफिल्ड कुठे सुरू झाले, हे पुष्कळदा लक्षात राहत नसे.

खरी चकमक इफिस ३:५ वर होते. पौल म्हणतो, हे रहस्य आता जसं प्रकट झालं तसं आधीच्या पिढ्यांना कळवलं नव्हतं. करारवादी (करार एक आणि लोक एक मानणारे रिफॉर्म्ड) ‘तसं’वर जोर देतात: आधी पुसट होतं, आता लख्ख झालं. डिस्पेन्सेशनलवाले कलस्सै १:२६ काढतात, जिथे हे ‘जसं-तसं’ नाही. रहस्य युगानुयुगं गुप्तच होतं. मग करारवादी इफिसमधलंच पुढचं वचन (३:६) वाचायला सांगतात: रहस्य कोणतं, तर परराष्ट्रीय हे सहवारस आहेत. सहवारस म्हणजे कोणाच्या तरी वारशात वाटा मिळाला, आणि तो वारसा आधीपासूनचा.

मंडळी पौलापासून सुरू झाली, असंही मत आहे म्हणे?

आहे, आणि त्याच्या दोन शाखा आहेत. एथेलबर्ट विल्यम बुलिंगर (१८३७–१९१३) या अँग्लिकन विद्वानाने उत्तरायुष्यात असं मानलं की प्रेषितांच्या कृत्यांचा सगळा काळ अजून इस्राएलाचाच होता. २८:२८ मध्ये पौल यहुद्यांना सांगतो की हे तारण परराष्ट्रीयांकडे पाठवलं आहे. शरीररूपी मंडळी त्यानंतरची. दुसरी शाखा अमेरिकेतली: जे. सी. ओ’हेअर, कॉर्नेलियस स्टॅम, चार्ल्स बेकर. त्यांच्या मते आरंभ प्रेषितांच्या कृत्यांच्या मध्यात, म्हणजे नवव्या अध्यायात पौलाच्या परिवर्तनाशी किंवा तेराव्यात त्याच्या पहिल्या फेरीशी. पेत्राने पेंटेकॉस्टला दिलेला उपदेश इस्राएलासाठी, आपल्यासाठी नव्हे.

याचे परिणाम रविवारच्या उपासनेत दिसतात. बुलिंगरच्या वाटेने जाणारे पाण्याचा बाप्तिस्माही करत नाहीत आणि प्रभुभोजनही नाही. दुसरी, अमेरिकेतली शाखा प्रभुभोजन ठेवते, बाप्तिस्मा सोडते. ‘ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला पाठवलं नाही’ (१ करिंथ १:१७) हे त्यांचं हुकमाचं पान. त्याच्याच आधीच्या तीन वचनांत पौल क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घराण्याचा बाप्तिस्मा केल्याचं कबूल करतो, हे मात्र घाईत वाचलं जातं.

मला हे मत टिकणारं वाटत नाही, आणि त्याचं कारण रोमकरांस पत्राच्या शेवटच्या नमस्कारांमध्ये आहे. अंद्रोनीक आणि युनिया यांच्याविषयी पौल लिहितो की ते ‘माझ्यापूर्वी ख्रिस्तामध्ये’ होते (१६:७). ख्रिस्तामध्ये असणं म्हणजे त्याच्या शरीरात असणं, हे पौलाचंच शिक्षण. मग पौलापूर्वी ते कशात होते? शिवाय पूर्वी आपण ‘देवाच्या मंडळीचा’ छळ केला, असं तो गलती १:१३ मध्ये सांगतो. ती निराळी, यहुदी मंडळी होती, असं उत्तर मिळतं. पण पौल तसा भेद तिथे करत नाही.

याचा बाळांच्या बाप्तिस्म्याशी काय संबंध?

फार जवळचा. करार एक आणि लोक एक असतील, तर जुन्या करारात आठव्या दिवशी सुंता होऊन बाळ लोकांत मोजलं जायचं, तसं आता बाप्तिस्म्याने मोजलं जावं, हा झ्युरिकमधला धर्मसुधारक झ्विंग्ली याचा मुद्दा. मंडळी नव्याने, विश्वास ठेवणाऱ्यांपासून सुरू झाली असेल, तर बाळांचा प्रश्नच उद्भवत नाही. २१ जानेवारी १५२५ रोजी त्याच शहरात फेलिक्स मान्झच्या घरी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकचा प्रौढपणी बाप्तिस्मा केला. दोन वर्षांच्या आत, ५ जानेवारी १५२७ ला, नगर परिषदेने मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्म्याच्या वादाला पाण्याचीच शिक्षा.

तरी हे समीकरण यांत्रिक नाही. १६८९ चं विश्वासपत्र मानणारे रिफॉर्म्ड बाप्टिस्ट सर्व काळच्या निवडलेल्यांची एकच मंडळी मानतात, आणि तरीही बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण नागपूरचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह एकत्र आले. (हे ब्रदरेन डार्बीचे नव्हेत, निराळे.) मंडळी कधीपासून, यावर एकमत होईपर्यंत थांबले असते तर अजून थांबलेलेच असते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या: बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, किंवा बाळपणी समर्पण आणि स्वतः विश्वास कबूल केल्यावर बाप्तिस्मा.

इतिहासकार कोणती तारीख देतात?

पेंटेकॉस्टची तारीख वधस्तंभावर अवलंबून. पंतय पिलात इ. स. २६ ते ३६ सुभेदार होता, आणि वल्हांडण व शुक्रवार यांचा मेळ पाहता ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३ हे दोन दिवस पुढे येतात. त्यावरून पेंटेकॉस्ट २८ मे ३० किंवा २४ मे ३३. अमेरिकेतल्या चर्चेस ऑफ क्राइस्टच्या काही इमारतींवर ‘स्थापना: इ. स. ३३’ असं कोरलेलं दिसतं, त्यामागे हीच धारणा. तीस सालवाल्या अभ्यासकांना ते वाचून हसू येत असणार.

पण इतिहासकाराचा प्रश्न बहुधा वेगळा असतो: येशूचे अनुयायी यहुद्यांपासून वेगळे कधी झाले? पेंटेकॉस्टनंतरही ते रोज मंदिरात जात होते. ‘ख्रिस्ती’ हे नाव पडलं ते सिरियातल्या अंत्युखियात. इ. स. ७० मध्ये मंदिर पडलं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याच अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस ख्रिस्ती धर्म आणि यहुदी धर्म ही दोन नावं एकमेकांसमोर ठेवतो. वाटा तेव्हा फुटल्या म्हणावं, तर ३८६–३८७ मध्ये तिथेच ख्रिसोस्टोम सणासुदीला सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर आग पाखडतोय. लोक अजून जात होते म्हणूनच ना!

तुमचं स्वतःचं मत?

लूकच्या वृत्तांतात पेंटेकॉस्ट हा कलाटणीचा दिवस आहे, आणि ११:१५ मुळे त्याला आरंभ म्हणायला माझी हरकत नाही. पण रोम ११ चं झाड डोळ्यांआड करून मंडळी कोरी करकरीत होती असंही म्हणवत नाही. या दोन्हींत ओढाताण आहे, आणि ती पौलाने मिटवलेली नाही. करारवाद्यांनी एक भान ठेवावं: ‘इस्राएल म्हणजे आम्हीच’ ही भाषा युरोपात शतकानुशतकं यहुद्यांच्या विरोधात वापरली गेली. पौल त्याच अध्यायात कलमाला बजावतो की तोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नकोस.

तारीख चुकीची मानली तर तारणावर परिणाम होतो का?

नाही. ३८१ च्या नायसीन विश्वासांगीकारात ‘एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय’ मंडळी आहे, तारीख नाही. अडचण येते ती व्यवहारात. समजा, दुसऱ्या एखाद्या पंथात तुमचा बुडवून रीतसर बाप्तिस्मा झाला आहे आणि तुम्ही कट्टर लँडमार्क मंडळीत सभासद व्हायला गेलात. त्यांच्या लेखी तुमची आधीची मंडळी त्या गालीलच्या साखळीत नाही, म्हणून तुम्हाला पुन्हा पाण्यात उतरायला सांगतील.